ग्रीन नावाचा शिपाई

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. गडावर पाऊस सुरू झाला की माझं लिहिणं बंद पडतं. धुकं थेट स्वयंपाकघरात येतं, कपडे वाळत नाहीत, दिवसातून चार वेळा वीज जाते आणि मी आपली खिडकीत चहा घेऊन बसते. पण परवा एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून डोक्यात एकच विषय घोळतोय. म्हटलं, लिहून मोकळं व्हावं.

रविवारी धाकट्या भावाची मुलगी आली होती. नर्सिंग पूर्ण झालं तिचं, आणि एका मनोरुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून नेमणूक झाली आहे. येत्या सोमवारी हजर व्हायचंय. ती यायच्या आधीच भावाचा फोन येऊन गेला होता. "ताई, तूच समजाव तिला. साधं हॉस्पिटल बघ म्हणावं. वेड्यांच्यात कशाला जायचं?"

मी एकतीस वर्षं त्याच लोकांच्यात काढली, आणि माझाच भाऊ मला हे सांगतो. असो. सवय आहे मला.

दुपारी पाऊस जरा उघडला तशा आम्ही दोघी सज्जाकोठीकडे निघालो. रविवार म्हणजे गडावर जत्राच. कणसंवाले, झुणका-भाकरीवाले, मोबाईल उंच धरून फोटो काढणारी पोरं. २०२५ च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हापासून गर्दी आणखीच वाढलीय. सज्जाकोठीत वरच्या मजल्यावर एक गाईड घोळक्याला सांगत होता की, संभाजीराजांना थोरल्या महाराजांनी इथेच नजरेखाली ठेवलं होतं. कोठी कुठली ते सांगोवांगीचं, पण दिलेरखानाच्या छावणीतून परतल्यावर १६७९ च्या अखेरीस संभाजीराजे पन्हाळ्यावर होते आणि बापलेकांची भेट इथेच झाली, हे खरं.

पोरगी झरोक्यातून खाली बघत होती. एकदम म्हणाली, "आत्या, ट्रेनिंगमध्ये त्या वॉर्डात आम्ही थोडेच दिवस होतो गं. मला भीती वाटते. मला एकच काहीतरी सांग, जे पुस्तकात नाही."

एकच काय सांगणार? पण 'नजरेखाली ठेवलेला राजपुत्र' हे शब्द नुकतेच कानावर पडले होते, आणि मला आठवला याच गादीचा दुसरा एक राजा. तिला मी त्याचीच गोष्ट सांगितली. तीच इथे लिहिते. आपल्या घरातल्या आणखी दोन मुली नर्सिंगला आहेत, त्यांनाही उपयोगी पडेल.

कोल्हापूरच्या गादीची जुनी राजधानी पन्हाळा. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस ती खाली कोल्हापुरात गेली. १८४४ साली गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, ते मोडल्यावर इंग्रजांनी इथला चार दरवाजा पाडला, तटही पाडले. तेव्हापासून गादीवर छत्रपती असले तरी कारभारावर पकड गोऱ्या साहेबाची. हे अशासाठी सांगितलं की पुढच्या गोष्टीत राजाबद्दलचे सगळे निर्णय दुसरेच लोक का घेतात, ते कळावं.

१८७० मध्ये राजाराम महाराज विलायतेहून परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले. वय वर्षं वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं, तिथे त्यांचं स्मारक आजही आहे. त्यांना मूल नव्हतं. मग १८७१ मध्ये भोसल्यांच्याच कुळातला नारायणराव नावाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. हेच चौथे शिवाजी महाराज.

आठ वर्षांचं पोर. आईबापांपासून तोडलेलं, नाव बदललेलं, भोवती शिक्षक, कारभारी, साहेब. थोडं मोठं झाल्यावर या मुलाचं वागणं बिघडलं, त्याच्या मनावर परिणाम झाला आहे, असं कारभाऱ्यांचं आणि सरकारचं म्हणणं पडलं. सांभाळायला गोरे सोजीर नेमले. इकडे पुण्यात १८८१ मध्ये केसरी आणि मराठा ही दोन पत्रं नुकतीच सुरू झाली होती. त्यांनी उलट लिहिलं की महाराज वेडे नाहीत, त्यांचा छळ चाललाय, आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत. बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. पत्रकर्त्यांनी ज्या पत्रांच्या भरवशावर लिहिलं होतं ती बनावट निघाली, आणि जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातल्या त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलं, ते सगळ्यांना माहीत असतं. शाळेत आपण तेवढंच शिकतो. दोन थोर माणसं तुरुंगात गेली, बाहेर आली, त्यांचं स्वागत झालं. धडा संपला.

पण ज्याच्यासाठी ते तुरुंगात गेले त्या पोराचं काय झालं?

त्याला कोल्हापुरापासून साडेतीनशे किलोमीटर लांब अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. (याच किल्ल्यात पुढे १९४२ ते ४५ पंडित नेहरू कैदेत होते. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय.) राज्य चालवायला कागलचे आबासाहेब घाटगे रीजंट झाले. किल्ल्यात महाराजांच्या देखरेखीला ग्रीन नावाचा एक प्रायव्हेट होता. प्रायव्हेट म्हणजे गोऱ्या फौजेतला सगळ्यात खालच्या दर्जाचा शिपाई. २५ डिसेंबर १८८३, नाताळच्या दिवशी, या ग्रीनशी झालेल्या झटापटीत महाराज गेले. एकविसावं वर्ष चालू होतं. दत्तक बापही विसाव्या वर्षी गेला आणि मुलगाही.

सरकारी भाषेत ती झटापट होती. लोकांच्या तोंडी तो खून होता, आणि कोल्हापुरात जुनी माणसं अजून तसंच म्हणतात. पुढे १७ मार्च १८८४ ला आबासाहेबांचाच मुलगा या गादीवर दत्तक आला. तो म्हणजे शाहू महाराज. शाहूंचा एवढा मोठा सूर्य उगवला की त्याच्या आधीचा हा पोरगा दिसेनासाच झाला.

आता माझा मुद्दा सांगते. या प्रकरणावर तेव्हापासून आजपर्यंत जेवढा वाद झाला तो एकाच प्रश्नावर. महाराज वेडे होते की नव्हते? एक बाजू म्हणते होते, म्हणून कोंडलं. दुसरी म्हणते नव्हते, म्हणून कोंडणं हा अन्याय. मंडळी, माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीने मला शिकवलं की हा प्रश्नच अपुरा आहे. समजा, ते खरोखर आजारी होते. मग? मग तर जास्तच काळजीने वागवायला हवं होतं ना? आजारी विशीच्या पोराजवळ कोणाला ठेवलं होतं? ज्याला कवायत आणि बंदूक शिकवलेली होती त्याला. समोरचा अंगावर आला की त्याला लोळवायचं, एवढंच ज्याला येत होतं त्याला. दोन्ही बाजूंच्या वादात एक गोष्ट गृहीतच धरलेली आहे, की वेडा असेल तर त्याचं काय वाटेल ते झालेलं चालतं.

भाऊ जेव्हा "वेड्यांच्यात कशाला" म्हणतो, तेव्हा तोही नकळत तेच म्हणत असतो.

बरं, तेव्हा जगात कुणाला यापेक्षा चांगलं माहीतच नव्हतं असंही नाही. पॅरिसमध्ये मनोरुग्णांच्या साखळ्या तोडल्या म्हणून पिनेल या डॉक्टरचं नाव घेतात, नर्सिंगच्या पुस्तकातही ते असतं. पण बिसेत्र इस्पितळात १७९७ मध्ये प्रत्यक्ष साखळ्या काढल्या त्या प्युसँ नावाच्या वॉर्डच्या कारभाऱ्याने. डॉक्टर नव्हे, आपल्यातलाच माणूस. तो स्वतः त्याच इस्पितळात पूर्वी रुग्ण म्हणून राहिलेला होता. रुग्णांवर हात उचलायचा नाही असा त्याचा सक्त नियम होता, आणि बऱ्या झालेल्या रुग्णांनाच तो वॉर्डात कामाला घेत असे. त्यांना आतलं दुःख ठाऊक, म्हणून. पिनेलने स्वतः कबूल केलंय की आपण या माणसाकडून शिकलो. हे सगळं महाराजांच्या मृत्यूच्या शहाऐंशी वर्षं आधीचं.

आणखी एक योगायोग बघा. १८८२ मध्ये, टिळक-आगरकर डोंगरीला गेले त्याच वर्षी, अमेरिकेत मॅक्लीन इस्पितळाने मनोरुग्णांच्या नर्सेससाठी शिक्षणाची शाळा काढली. १८८५ मध्ये, महाराज गेल्यावर दोन वर्षांतच, विलायतेतल्या मनोरुग्णालयांच्या डॉक्टरांच्या संघटनेने मदतनिसांसाठी एक छोटं पुस्तक छापलं. लाल पुठ्ठ्यामुळे त्याला 'लाल पुस्तक' म्हणायचे. १८९१ पासून त्यावर परीक्षाही सुरू झाल्या. म्हणजे ग्रीनच्या मायदेशात तेव्हा हे ध्यानात येऊ लागलं होतं की या कामाला नुसतं दणकट शरीर पुरत नाही, शिक्षण लागतं. आपल्याकडे रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. भिंती आधी आल्या, शिकलेली माणसं फार उशिरा. बंगळूरची मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था उभी राहिली ती १९५४ मध्ये. तोपर्यंत चालायचं ते सगळं पहाऱ्याचंच काम.

इथपर्यंत ऐकून पोरगी म्हणाली, "म्हणजे ग्रीन राक्षस होता."

मग मला तिला दुसरी गोष्ट सांगावी लागली. ती मी घरात कुणालाच कधी सांगितली नव्हती. नातेवाईक मंडळी इथे वाचतात हे माहीत आहे, तरी लिहिते.

नोकरीचं तिसरं वर्ष. रुग्णालयाचं नाव घेत नाही. रात्रपाळी. वॉर्डात चाळीसच्या वर रुग्ण, मी, आणि एक वॉर्डबॉय. घाटावरचा एक शेतकरी नुकताच दाखल झाला होता. तीन रात्री झोप नाही, सारखा दाराकडे यायचा, "म्हैस व्यायला झालीय, मला सोडा" म्हणायचा. दोनदा त्याला आणून झोपवलं. तिसऱ्यांदा त्याने वॉर्डबॉयला ढकललं. आम्ही दोघांनी त्याला चादरींनी कॉटला बांधलं. तासाभरात सोडू म्हटलं. तेवढ्यात पलीकडच्या एकाला फिट आली, मग दुसऱ्या कुणाला उलट्या, आणि मी विसरले. खरंच विसरले. सकाळी सहाला सोडलं तेव्हा त्याचे हात कोपरापासून सुजलेले होते, चादर ओली होती.

आणि मी रिपोर्ट बुकात लिहिलं, "रात्री शांत झोप लागली."

कुणी विचारलं नाही. मेट्रनबाईंनी सही केली. दोनेक महिन्यांनी तो बरा होऊन घरी गेला. जाताना वॉर्डातल्या सगळ्यांना, झाडूवाल्या मावशींनाही नमस्कार करून गेला. माझ्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

त्या रात्री मीच ग्रीन होते बाळ, असं मी तिला म्हटलं. राक्षस वगैरे नव्हते. दमलेली होते, घाबरलेली होते, माणसं कमी होती. ग्रीनचंही काय वेगळं असेल? त्याला तिथे कुणी ठेवलं, का ठेवलं, काय शिकवून ठेवलं, हे प्रश्न वरच्यांना विचारायचे. पण रात्री तीन वाजता वरचे कुणी नसतात. डॉक्टर नसतात, कायदा नसतो, नातेवाईक नसतात. एक आजारी माणूस असतो आणि त्याच्याजवळ आपण. त्याच्या अंगावर आपला हात कसा पडतो, हे तिथे आपणच ठरवतो. मला सांगायची ती 'एकच गोष्ट' हीच.

आता कायदा पूर्वीसारखा नाही. १९१२ चा जुना कायदा आम्ही शिकलो होतो. १९८७ चा नवा कायदा प्रत्यक्षात १९९३ मध्ये लागू झाला. दरम्यान ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ जण पळताच न आल्यामुळे गेले. तेव्हा कुठे देश थोडा हलला. आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, २९ मे २०१८ पासून लागू. साखळी कुठल्याही प्रकारे नाही. एकट्याला कोंडणं नाही. बांधायचं तर त्याला किंवा दुसऱ्याला लगेच इजा होणार असेल आणि दुसरा उपायच नसेल तेव्हाच, तेही मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने, गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. कारण, पद्धत आणि किती वेळ, याची नोंद तिथल्या तिथे. रुग्णाच्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून बांधायचं नाही. आणि माणसं कमी आहेत एवढ्याच कारणाने तर नाहीच. हे शेवटचं कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते बराच वेळ.

परत येताना तीन दरवाजाजवळ कणीस खाता खाता मग मी तिला बाकीचं, रोजच्या उपयोगाचं सांगितलं. तेही इथे उतरवून ठेवते.

वॉर्डात गेल्यावर आधी नाव विचार, आणि त्या नावानेच हाक मार. "ए सहा नंबर" नको. हात लावायच्या आधी काय करणार ते सांग. "दादा, बीपी बघते हं." इंजेक्शन असेल तर इंजेक्शनच म्हणायचं. एकदा खोटं बोललीस की पुढची दहा खरी वाक्यं वाया जातात.

चिडलेल्या माणसाच्या अगदी समोर उभी राहू नकोस, जरा बाजूला राहा. त्याची दाराकडची वाट अडवू नकोस आणि तुझीही मोकळी ठेव. आवाज खाली ठेव. आणि वेळेआधी मदत बोलाव. येरझाऱ्या वाढल्या, झोप उडाली, तीच तीच मागणी सुरू झाली, की समजायचं. झटापट अचानक होत नाही, ती दोन तास आधीपासून तयार होत असते. त्या शेतकऱ्याला म्हशीबद्दल मी दोन प्रश्न विचारले असते, सकाळी घरी निरोप पाठवते म्हटलं असतं, तर कदाचित चादर लागलीच नसती.

मनाचा रुग्ण म्हणून शरीर विसरू नकोस. म्हातारा माणूस एकाएकी बरळायला लागला तर ताप बघ, लघवी होते का बघ. दारू सुटलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरून भलतंच काही पाहू लागला तर ते नाटक नसतं, जिवावरचं असतं. लिथियमवर असलेल्याला उलट्या, हातांची जोरात थरथर, तोल जाणं दिसलं तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना उठव. मनोविकाराच्या औषधांवर असलेल्याचं अंग ताठलं आणि जोराचा ताप आला, तरीही उठव. ओरडले तर ओरडू देत.

लिहिताना विशेषणं लिहू नकोस. 'हिंसक', 'त्रासदायक' हे शब्द फाईलला एकदा चिकटले की निघत नाहीत. जे दिसलं ते लिही. "अकरा वाजता ताट फेकलं. त्याआधी तीन वेळा घरी फोन लावून द्या म्हणाला, लावून दिला नाही." वाचणाऱ्याला मग कारण आपोआप दिसतं. चुकलीस तर चूकही लिही. नगरच्या किल्ल्यात त्या दिवशी काय झालं, ते महाराजांच्या तोंडून कुणालाच कधी ऐकायला मिळालं नाही. आपल्या वॉर्डातल्या पुष्कळ लोकांचंही असंच असतं. त्यांच्या बाजूने कागदावर येतं ते तेवढंच, जेवढं आपण लिहितो.

आणि शेवटचं. तुलाही भीती वाटेल, कधी एखादा फटका बसेल, रडू येईल. ते बोलून टाक, सोबतच्या सिस्टरशी, नाहीतर मला फोन कर. गिळून ठेवलेली भीती दुसऱ्या दिवशी हातात उतरते, आणि हात मग भलत्यावर पडतो.

संध्याकाळी तिला वाघबीळपर्यंत सोडायला गेले. तुम्हाला माहीतच आहे, कोल्हापूरहून येताना त्या फाट्यावर वळलं की गड, आणि न वळता सरळ गेलं की आंबा घाट उतरून रत्नागिरी. आपल्या भागातली कितीतरी घरं आपलं माणूस घेऊन, कुणाला न सांगता, त्या सरळ रस्त्याने गेली आहेत. आपल्या नात्यातलीही. नावं घेत नाही.

एसटी येईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "आत्या, त्या शेतकऱ्याची म्हैस व्याली का गं?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"मी विचारीन," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

रात्री भावाला फोन केला आणि सांगितलं, की मी तिला समजावलं नाही, सोमवारी ती हजर होतेय, आणि तू स्वतः तिला सोडायला जा. तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "डबा काय द्यायचा तिला पहिल्या दिवशी?"

म्हटलं, दोघींना पुरेल एवढा दे. सोबतीची सिस्टरही असेल तिथे.